पूर्वी सायलेन्सर सडायचा, आता तडकतो

तुमच्या घरात कधीकाळी जीप, मेटाडोर किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल तर वडिलांना किंवा काकांना एक प्रश्न विचारून बघा: तेव्हा सायलेन्सर कसा जायचा? बहुतेक उत्तर येईल, "सडायचा." खालून पापुद्रे सुटायचे, बोट दाबलं तर आत जायचं, आणि एक दिवस गाडी ट्रॅक्टरसारखी आवाज करायला लागायची. आता हाच प्रश्न जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या किंवा धुळ्यात मुंबई-आग्रा रोडवरच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याला विचारा. नव्या गाड्यांबद्दल तो म्हणेल, "सडत नाही भाऊ, तडकतो." पाईप वरून चकचकीत, गंजाचा ठिपका नाही, आणि जोडाशेजारी केसाएवढी बारीक रेष. वेल्डिंग मारून घ्यायचं, तर काही महिन्यांनी त्याच्याच बाजूला दुसरी रेष.

मग दोन निष्कर्ष निघतात. एक, "हल्ली मालच हलका येतो." दोन, "आपल्याकडचं ऊन." दोन्ही चुकीचे आहेत, असं मला या लेखात सांगायचंय. माझं पीएचडीचं काम वेल्डजवळच्या पोलादाच्या दाण्यांवर आहे, त्यामुळे असा तडा दिसला की मी जरा जास्तच वेळ बघत बसतो. पण कारण समजायचं तर थोडं मागं जावं लागतं. आधी सडणं का थांबलं ते बघू.

(बोलताना आपण इंजिनापासून शेपटीपर्यंतच्या सगळ्या नळीला 'सायलेन्सर' म्हणतो. खरं तर त्यात क्रमाने मॅनिफोल्ड, पुढचा पाईप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लवचिक जाळी, मधला पाईप आणि शेवटी आवाज मारणारा डबा, म्हणजे मफलर, एवढे भाग असतात. तडा कुठे गेलाय यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.)

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर जातं, पण पाईप थंड असेल तर आतच साचतं. डिसेंबरच्या पहाटे धुळ्यात गाडी सुरू केल्यावर मागून टपटप पाणी पडतं, ते हेच. नुसतं पाणी असतं तर एवढं बिघडलं नसतं. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग असायचं, आणि ते शिसं इंजिनात साचू नये म्हणून सोबत क्लोरीन-ब्रोमिनची संयुगं घालत. ती जळली की त्यांची आम्लं व्हायची. डिझेलची कथा वेगळी नाही: नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये शंभरात एक भाग गंधक चालायचं, आणि गंधकापासून शेवटी गंधकाम्लच बनतं. म्हणजे साध्या लोखंडी पत्र्याचा मफलर दिवसातून दोन वेळा पातळ आम्लाने आतून धुतला जात होता. तो सडला नसता तरच नवल.

हे बदललं ते सायलेन्सरची काळजी वाटून नाही, हवेची काळजी वाटून. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा आला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून तिकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. खान्देशापर्यंत बिनशिशाचं पेट्रोल पोचायला पुढची काही वर्षं गेली. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. त्यानंतर भारत स्टेजच्या पायऱ्या आल्या. २०१७ च्या मार्चअखेर सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बीएस-३ दुचाक्या भरघोस सवलतीत विकल्या गेल्या आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. आता इंधनात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग. आम्ल जवळजवळ गेलंच.

आणि पत्राही बदलला. कन्व्हर्टर महाग, त्यात प्लॅटिनम-पॅलॅडियम गटातले धातू. तो टिकायला हवा तर त्याला धरणारा पाईपही टिकायला हवा. अमेरिकेने १९९० च्या सुधारित कायद्यात कन्व्हर्टरसाठी ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांची हमी बंधनकारक केली. दोन-तीन वर्षांत सडणारा साधा पत्रा या हिशोबात बसेना. तिथे स्टेनलेस स्टील आलं, आणि त्याच्यासोबत त्याचे स्वतःचे आजार.

स्टेनलेस हे काही एका माणसाचं एका दिवसाचं काम नाही. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुप कंपनीत बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियम-निकेलचं पोलाद केलं. १९१३ मध्ये इंग्लंडातल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीची झीज कमी करायला निघाला होता, आणि त्याच्या हाती सुमारे १३ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद लागलं. युक्ती दोन्हीकडे एकच: क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा करतं. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. त्यासाठी साधारण साडेदहा-अकरा टक्के क्रोमियम लागतं. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

आता आपल्या घरातलं स्टील, म्हणजे डबे, ताटं, घागरी, हे बहुतेक १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या जातीचं असतं. दुकानदार ३०४ म्हणतात ते हेच. दिसायला सुंदर, वाकवायला सोपं. पण नळी करून तापवलं की त्याचे दोन स्वभाव नडतात. एक म्हणजे ते फार पसरतं. एक मीटर लांबीचा ३०४ चा पाईप ५०० अंशांनी तापला तर साधारण ९ मिलिमीटर लांब होतो. दुसरं, त्यातून उष्णता हळू वाहते, साध्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच. म्हणजे एक टोक लालबुंद आणि वीतभर पलीकडे बरंच थंड, अशी स्थिती होते. एकाच पाईपचा एक भाग पसरायला बघतो आणि शेजारचा त्याला धरून ठेवतो.

पसरू दिलं तर काहीच बिघडत नाही. प्रश्न येतो धरल्यावर. हिशोब छोटा आहे, करून बघू. ३०४ ची नळी दोन्ही टोकांना घट्ट धरली आणि फक्त १०० अंशांनी तापवली, तर तिच्यात दर चौरस मिलिमीटरला साधारण ३४ किलोचा दाब तयार होतो. हे स्टील कायमचं दबायला वीस-पंचवीस किलोच पुरतात. म्हणजे नळी गरम असताना दबते, थोडी 'आखूड' होऊन बसते. गाडी थांबली, नळी थंड झाली की आता ती आखूड पडते आणि ओढली जाते. पुन्हा गाडी सुरू, पुन्हा दाब. बंद, पुन्हा ओढ. लांबच्या प्रवासानंतर गाडी बंद केल्यावर खालून टिंग-टिंग आवाज येतो ना? पाईप आणि त्यावरचे पत्रे आकसत असतात. तडा उघडतो तो बहुतेक अशा आकसण्यात, तापण्यात नाही.

हे नीट मोजलं कुणी? १९५३-५४ मध्ये अमेरिकेत दोन माणसांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. एक एस. एस. मॅन्सन, विमानविद्येच्या सरकारी संस्थेत, दुसरा एल. एफ. कॉफिन, जनरल इलेक्ट्रिकमध्ये. कॉफिनचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो जवळजवळ सायलेन्सरचाच प्रयोग आहे. त्याने स्टेनलेसच्या पातळ नळ्या घेतल्या, दोन्ही टोकं पक्की आवळली, आणि त्या तापवत-थंड करत राहिला, तडकेपर्यंत. दोघांच्या कामातून निघालेला नियम आज कॉफिन-मॅन्सन नियम म्हणून शिकवतात. तो कळायला समीकरण लागत नाही. सळ्या बांधायची बाइंडिंगची तार घ्या. पूर्ण दुमडून सरळ केलीत तर चार-सहा वेळात तुटते. किंचित वाकवत राहिलात तर हात दुखून येईल पण ती लवकर तुटणार नाही. दर फेरीला धातू कायमचा किती वाकतो, त्यावर एकूण किती फेऱ्या मिळणार ते ठरतं. इथे एक 'फेरी' म्हणजे गाडी सुरू करून, तापवून, बंद करणं.

म्हणून उन्हाबद्दल सांगतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ वर जातो, मान्य. पण घाट चढताना इंजिनाजवळचा पाईप ७०० ते ९०० अंशांत असतो. त्याच्यापुढे ४५ म्हणजे काहीच नाही. उलट हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा उन्हाळ्यात गरम-थंडीतलं अंतर थोडं कमीच होतं. चाळीसगावहून कन्नड घाट भरल्या गाडीने चढा, वर चहाला थांबून इंजिन बंद करा, मग उताराला लागा: ही खरी परीक्षा. लळिंग घाट, कोंडाईबारी, सेंधव्याकडचा बिजासन, सगळीकडे तेच. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना कापतात, आणि धुळ्यातून बाहेर पडताना यांतला एखादा घाट बहुधा वाट्याला येतोच.

यात इंजिनाची थरथर मिळवा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं उभं असलं तरी दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे तासाला ९६ हजार धक्के. त्यातला एकही धक्का पाईप तोडण्याएवढा मोठा नसतो. तोडण्यापेक्षा कितीतरी कमी ताणही वारंवार आला तर लोखंड तुटतं, हे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने १८५० आणि ६० च्या दशकांत आगगाडीच्या आसांवर दाखवून दिलं होतं. भुसावळकरांना धातूचा थकवा समजावून सांगायची गरज नाही, रेल्वेत आस तपासणारं कुणीतरी त्यांच्या ओळखीत असतंच. उष्णतेने बारीक चीर पाडायची आणि थरथरीने ती पुढे न्यायची, असं हे जोडकाम आहे.

पण मग चीर नेमकी वेल्डच्या शेजारीच का? या प्रश्नासाठी माझं अर्धं आयुष्य (बरं, चार वर्षं) चाललंय.

१९२० च्या दशकात कारखान्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. स्टेनलेसची टाकी वेल्ड केली, वेल्ड शाबूत, मूळ पत्रा शाबूत, पण वेल्डपासून थोड्या अंतरावर एक पट्टा कुजायचा. पत्रा वाकवला तर साखरेसारखे दाणे सुटायचे. याला 'वेल्डची कीड' अशा अर्थाचं नाव पडलं. उलगडा १९३० च्या आसपास सुरू झाला. १९३३ मध्ये बेन, अ‍ॅबॉर्न आणि रदरफर्ड यांच्या शोधनिबंधाने तो पक्का केला. धातू हा बारीक दाण्यांचा बनलेला असतो. स्टील साधारण ४२५ ते ८५० अंशांत रेंगाळलं की त्यातला कार्बन दाण्यांच्या सीमांवर येतो आणि क्रोमियमला पकडून कार्बाइड करतो. कार्बन थोडासाच, पण तो स्वतःहून कितीतरी जास्त वजनाचं क्रोमियम ओढून घेतो. मग सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात क्रोमियम त्या साडेदहा टक्क्यांच्या खाली जातं. तेवढाच पट्टा 'स्टेनलेस' राहत नाही. वेल्डच्या अगदी काठाला तापमान याच्याहून जास्त असतं, लांब गेलं की कमी. मधला पट्टा नेमका या धोक्याच्या तापमानात सापडतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. नमुना आरशासारखा घासायचा, दहा टक्के ऑक्झॅलिक आम्लात ठेवून दीड मिनिट वीज सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. चांगल्या स्टीलमध्ये दाण्यांच्या मध्ये पायऱ्या दिसतात, बिघडलेल्यात खंदक. पहिल्यांदा खंदक दिसला तेव्हा मला केळीच्या बागेतल्या वाफ्यांभोवतीचे पाट आठवले. गाईडना ही उपमा विशेष रुचली नाही.

विमानाच्या पिस्टन इंजिनांचे धुराचे नळ हा या गोष्टीचा खरा अभ्यासवर्ग ठरला. तिथे तापमान याच पट्ट्यात आणि थरथर प्रचंड. उपाय निघाला तो असा: स्टीलमध्ये थोडं टायटेनियम किंवा नायोबियम घालायचं. कार्बनला क्रोमियमपेक्षा ती जास्त प्रिय, म्हणून तो त्यांच्याशी जोडला जातो आणि क्रोमियम जागेवर राहतं. ३२१ आणि ३४७ या जाती अशा आल्या. कॉफिनच्या नळ्या ३४७ च्याच होत्या. दुसरा उपाय म्हणजे कार्बनच कमी करणं. ते स्वस्तात जमलं १९६८ नंतर, जेव्हा वितळलेल्या स्टीलमध्ये आर्गॉन आणि ऑक्सिजन फुंकून कार्बन काढायची पद्धत कारखान्यात आली.

तड्याचं आणखी एक कारण इंग्रजी पुस्तकांत हमखास सापडतं: क्लोराइडमुळे ताणाखालच्या स्टीलला जाणारा तडा. याचा पूर्वज आपल्या देशातला आहे. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात साठवणीतच तडकायची, कुणी हात न लावता. घोड्यांच्या पागेतला अमोनिया हे कारण, आणि काडतूस ओढून बनवताना आत कोंडलेला ताण हे दुसरं. दोन्ही एकत्र आले तरच तडा जातो, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये मांडलं. म्हणूनच घडवलेलं पितळ हलकं तापवून आतला ताण सैल करतात. आपल्या जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध कारखान्यात छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात, तेव्हा हा धडा आपल्या अगदी शेजारचा आहे. पण सायलेन्सरबाबत मी हे कारण खान्देशात मागच्या बाकावर बसवेन. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाईपवर उडतं. आपल्याकडे ना मीठ, ना समुद्र. तिकडची पुस्तकं वाचून इकडचं निदान करायला नको.

आता चुंबकाची गोष्ट. पाईपला चुंबक चिकटला की आपल्याकडे लगेच म्हणतात, "हे स्टील नाही, लोखंड आहे, फसवलं." भांड्यांच्या बाबतीत हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. सायलेन्सरच्या बाबतीत साफ चुकतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत खास याच कामासाठी ४०९ नावाची जात आली: सुमारे ११ टक्के क्रोमियम, थोडं टायटेनियम, निकेल जवळजवळ नाही. साडेदहाच्या जेमतेम वर, बरोबर ओळखलंत. निकेल नसल्याने तिची आतली रचना साध्या लोखंडासारखी, म्हणून चुंबक चिकटतो. आणि त्याच रचनेमुळे ती कमी पसरते. मघाचा एक मीटरचा पाईप ४०९ चा असेल तर ९ ऐवजी साधारण ६ मिलिमीटरच वाढतो. दिसायला ती मळकट, वरून तांबूस डागही येतात, पण तापण्या-निवण्यात ती ३०४ पेक्षा उजवी. त्यामुळे बाजारातून चकचकीत, चुंबक न चिकटणारा पाईप 'भारी माल' म्हणून बसवून घेणारे लोक कधीकधी तड्यालाच आमंत्रण देतात.

४०९ चीही एक खोड आहे. वेल्डिंगची आच जास्त वेळ लागली की तिचे दाणे वाढत जातात, मोठे होतात, आणि मोठ्या दाण्यांचा भाग ठिसूळ बनतो. रस्त्यावर जुनी मशीन, जास्त करंट, साध्या लोखंडाचा रॉड आणि "पक्कं करून देतो" म्हणत एकावर एक तीन थर. वेल्ड दिसतो दणकट. त्याच्या शेजारचा बोटभर पट्टा मात्र आधीपेक्षा कमजोर झालेला असतो, आणि जाडजूड वेल्ड संपून पातळ पत्रा सुरू होतो तिथेच सगळा ताण गोळा होतो. दुसरी रेष पहिल्याच्या बाजूला का येते, ते एवढंच आहे. कारागिराला मी दोष देत नाही. दोनशे रुपयांत दहा मिनिटांत गाडी सोडायची तर तो दुसरं काय करणार?

आता तडा गेलाच तर? आधी तो कुठे आहे ते बघा. इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्या मध्ये असेल तर टाळू नका. तिथे ऑक्सिजन सेन्सर असतो. तड्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय, आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल प्यायला लागते. शिवाय तिथून गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, आणि काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत तो शिरू शकतो. दीर्घ प्रवासात डोकं जड होत असेल तर आधी काचा उघडा.

मग वेल्डिंगच्या आधी गाडीखाली वाकून तीन गोष्टी बघायला सांगा. पाईप लटकवणारी रबरं तुटलीत का, किंवा रबराऐवजी कुणी तारेने आवळलंय का. गॅरेजवाले ज्याला इंजिनाचं फाउंडेशन म्हणतात ते रबर बसलंय का, कारण आडव्या इंजिनाच्या गाडीत प्रत्येक गिअरला इंजिन पुढे-मागे झुलतं आणि ते झुलणं पाईपवर येतं. आणि लवचिक जाळी अजून लवचिक आहे का, की तिच्यावरच मागे कुणी वेल्डिंग मारून ती ताठ करून ठेवलीय. ही तिसरी गोष्ट मी जळगावात इतक्या गाड्यांखाली पाहिलीय की मोजणं सोडलं. जाळी ही नळीला हलू देण्यासाठीच असते. ती बंद केली की तुम्ही कॉफिनचा प्रयोग स्वतःच्या गाडीत सुरू केलात.

एवढं झाल्यावर वेल्डिंग. आर्गॉनचं करून घ्या, करंट कमी, एकच थर, तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक छिद्र पाडून, म्हणजे चीर पुढे धावणार नाही. रॉड पाईपच्या जातीचा: ३०४ असेल तर ३०८एल, चुंबक चिकटत असेल तर ४०९ किंवा ४३० च्या जातीची नायोबियमवाली तार. ती धुळे-जळगावच्या साध्या दुकानात पटकन मिळत नाही, एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे चौकशी करावी लागते. आणि पाईप पूर्ण सैल लटकलेला असतानाच जोडायला सांगा. वाकडा पाईप पायाने दाबून, टोकाला टोक भिडवून टाका मारला, तर तो दाब थंड झाल्यावरही आत राहतो, आणि पुढचा कन्नड घाट त्याचं उरलेलं काम करतो.